सात खाचा

रबाळ्याला, नाल्याच्या अलीकडच्या गल्लीत माझा गाळा.
डाव्या हाताला पावडर कोटिंगवाला,
उजवीकडे फरसाणाचा कारखाना,
म्हणून माझ्या गाडीत बसलं की
पेट्रोलच्या आधी ओव्याचा वास येतो.

सहा वर्षं लागली.
पाइप कापले, जोडले, चुकले, पुन्हा कापले.
इंजिन कुणाच्या तरी आपटलेल्या गाडीचं,
अंग फायबरचं, दोन तुकड्यांत टेम्पोतून आलेलं,
सोबत बावन्न पानांची वही,
तीत सीटबद्दल एकच ओळ:
बसणाऱ्याच्या मापाने.

बसणारा मी. पाच फूट अकरा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी आधी पाय पसरले
आणि त्यांच्याभोवती अंथरूण वेल्ड केलं.
चार बोल्ट, दहा एमएमचे.
हलायचा प्रश्नच नव्हता.

कुंदा चार फूट अकरा.
लग्नाच्या फोटोत तिला पाटावर उभं केलं होतं,
शालूखाली पाट दिसत नाही.
ऐरोली ते महापे
डब्यांची व्हॅन चालवते, अकरा वर्षं झाली,
माझ्यापेक्षा बरी चालवते, हे मी आजच लिहितोय.

एका रविवारी सहज माझ्या जागी बसली.
पाय लांब केला, आणखी केला,
चपलेचं टोक हवेत.
"हा क्लच कुणी वापरायचा नाही का?"
डबे मोजताना बोलते त्याच आवाजात.
मी पाना शोधत राहिलो. पाना हातातच होता.

तुर्भ्याच्या भंगारात रनर मिळाले, जोडी साडेचारशे.
सात खाचा. एक रनर गंजून बसलेला,
दोन रात्री डिझेलमध्ये बुडवला.
आवळायच्या आधी सरकवून बघायचं,
हे तीस वर्षं हाताखालच्या पोरांना सांगितलं,
आणि स्वतः आधी आवळलं.
तिसऱ्या खाचेत अडली.
एका बाजूला दीड मिलिमीटर तिरकं.
सोडलं, वॉशर घातले, पुन्हा.
दामजी फरसाणवाला शटरखालून वाकून म्हणाला,
"एक खुर्ची हलवायला चार दिवस?"

मग सरकली. लोण्यासारखी नाही,
लोखंडासारखीच, पण सरकली.
कट्. कट्.
आणि मी बसलो तर टाळू कमानीला.
रनरच्या उंचीने सीट सव्वा इंच वर आली होती,
हे वहीत नव्हतं.
खाली मुख्य पाइप, कापता येत नाही.
घरून पावाची सुरी आणली,
दोन इंच फोमचा पाऊण इंच केला.
आता मी जवळजवळ पत्र्यावर बसतो,
माकडहाड रोज हजेरी घेतं.
आणि सोललेला तुकडा फेकवेना,
त्याला जुन्या पडद्याची खोळ शिवली:
तिला बॉनेटच्या वरून दिसायला उंची लागेल.

आरटीओचा कागद अजून नाही.
गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते.
काल रात्री मी ती शेवटच्या खाचेत सोडून गेलो.

आज सकाळी शटर उघडलं.
सीट दुसऱ्या खाचेत.
उशी जागेवर, मधोमध दबलेली.
धुळीत टायरच्या खुणा बाहेर,
मग आत, मग पुन्हा बाहेर.
दुसरी चावी तिच्या डब्यांच्या पिशवीत असते,
मीच ठेवलीय.

दांडा ओढणार होतो. राहू दिला.
उशी काढून मागे ठेवली, तसाच घुसलो,
गुडघे स्टिअरिंगला, हनुवटी गुडघ्यांजवळ.
माझ्या खाचेतून सहा वर्षं गाळ्याचं छत दिसायचं,
इथून बॉनेटचं टोक दिसतं, गाळ्याचा उंबरा,
दामजीची सायकल,
आणि तिच्या दांड्याखालून पारसिकचा डोंगर.
क्लच तर पायाखालीच.
एवढा जवळ होता हा.

बाहेर व्हॅनचा हॉर्न, दोनदा.
पाय आखडलेत,
पटकन उतरता येत नाहीये.